धारावीचा किल्ला : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदरच्या पश्चिमेस मिठागरांच्या कडेकडेने जाणारा रस्ता मुर्धे, राई आणि मोर्वे ही गावे मागे टाकून डोंगरीला येतो आणि तेथून उत्तन, पाली, चौक या कोळ्यांच्या वस्त्यांकडे वळतो. या भूभागाच्या उत्तर टोकाला, वसईची खाडी जेथे अरबी समुद्राला मिळते त्या कोपऱ्यावर, फारशी उंच नसलेली परंतु तिन्ही दिशांना नजर पुरवणारी एक टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर तटबंदीचे जे थोडे अवशेष आज उभे आहेत त्यांना धारावीचा किल्ला असे म्हणतात. सुट्टीच्या दिवशी येथे येणारा मुंबईकर वर चढला की पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतो, की राजाचा महाल कोठे होता. महाल येथे कधीच नव्हता. किल्ला म्हटला म्हणजे सिंहासन, अंतःपुर, राणीचा सज्जा आणि पुराणकाळापासून चालत आलेली राजवंशांची मालिका असे जे चित्र आपल्या मनात सिनेमांनी आणि सहलींच्या जाहिरातींनी रंगवून ठेवले आहे, त्याच्याशी या टेकडीचा काडीमात्र संबंध नाही. आणि तो नाही म्हणूनच तिचे खरे महत्त्व बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पहिला घोटाळा नावांचा आहे. धारावी म्हटले की मराठी माणसाला मुंबईतील मिठी नदीकाठची दाट वस्ती आठवते, आणि तेथेही ‘काळा किल्ला’ या नावाने ओळखली जाणारी एक जुनी गढी असल्यामुळे दोन धारावींचा इतिहास एकमेकांत सहज मिसळून जातो. मुंबईतील काळा किल्ला इंग्रजांचा असून तो गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७ साली बांधल्याचा शिलालेख त्याच्या भिंतीत आहे. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्याच वर्षी मराठ्यांच्या फौजा साष्टीत उतरल्या होत्या, आणि माहीमच्या खाडीपलीकडे काय घडू पाहत आहे याची धास्ती मुंबईच्या इंग्रजांनी घेतली होती. आपली धारावी मात्र साष्टीच्या वायव्य टोकाची. वसईच्या खाडीपासून दक्षिणेस मनोरी, गोराईपर्यंत पसरलेल्या या सगळ्या पट्ट्याला जुन्या काळी धारावी बेट म्हणत. खाड्या आणि खाजणे यांनी तो उर्वरित साष्टीपासून तोडलेला होता, आणि किल्ल्याच्या नावामागे ‘जंजिरे’ हा शब्द लागला तो याच कारणाने. मुरुडच्या जंजिऱ्याप्रमाणे हा दुर्ग समुद्राच्या मध्यभागी उभा होता असे त्यावरून कोणी समजू नये. तरोडीच्या बाजूस धारावी देवीचे देऊळ आहे, त्यामुळे हे नाव येथे आजही घरोघरी नांदते.

डोंगरीचीही तीच कथा. अनेक वाचकांना हे नाव परिचित असते ते गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ या पुस्तकामुळे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर ज्या तुरुंगात होते तो मुंबई शहरातील डोंगरीचा. भाईंदरजवळच्या या गावाशी त्याचा संबंध नाही. मुंबईच्या डोंगरीलाही टेकडी होती आणि त्या टेकडीवर किल्लाही होता, हे दुर्दैव म्हणायचे की योगायोग ते ज्याने त्याने ठरवावे. पण एकाच प्रदेशात दोन डोंगरी, दोन धारावी आणि प्रत्येकीला एक किल्ला अशी परिस्थिती असल्यावर हौशी लेखकांनी एकीची साले दुसरीला चिकटवली तर त्यात नवल नाही. अलीकडे मेट्रोच्या कारशेडमुळे भाईंदरच्या डोंगरीचे नाव वर्तमानपत्रांत वरचेवर येऊ लागले, तेव्हापासून निदान गावाचा पत्ता तरी लोकांना बरोबर सांगता येतो.

आता ‘प्राचीन’ या विशेषणाकडे वळू. प्रदेश प्राचीन आहे यात शंका नाही. खाडीपलीकडे सोपारा आहे, जेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये मिळाला; साष्टीच्याच पोटात कान्हेरीची लेणी आहेत; ठाण्याचे शिलाहार, देवगिरीचे यादव, लोककथांतून आणि ‘महिकावतीच्या बखरी’तून भेटणारा बिंब राजा आणि त्यांच्यानंतर गुजरातचे सुलतान, असे अनेक अंमल या मुलखाने पाहिले. परंतु यांपैकी कोणाचीही राजधानी या टेकडीवर नव्हती. शिलाहारांचे श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे, आणि सुलतानाची गादी तर दूर गुजरातेत. इतिहासाच्या कागदपत्रांत धारावीचा दुर्ग ठळकपणे दिसू लागतो तो पोर्तुगीज आणि मराठे यांच्या झुंजीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याला राजदुर्ग म्हणण्यापेक्षा ठाणे म्हणणे अधिक यथार्थ होईल: काही तोफा, त्यांना लागणारा दारूगोळा, थोडी शिबंदी आणि खाडीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिडाची नोंद ठेवणारे दोन डोळे.

या दोन डोळ्यांना काय दिसत होते, हे समजल्यावाचून किल्ल्याचे मर्म कळणार नाही. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने नुनु द कुन्या या पोर्तुगीज गव्हर्नराशी तह करून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगालला दिली, आणि तेव्हापासून वसई हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर फिरंगाण’ प्रांताचे मुख्य ठाणे झाले. वसईचा किल्ला उत्तरेचा जमिनीचा भाग सोडला तर पाण्याने वेढलेला. त्याला रसद यायची ती गोव्याहून, दमण आणि दीवहून, क्वचित मुंबईहून, आणि ती सगळी समुद्रमार्गेच. गलबत खाडीत शिरले की उजव्या हातास जी टेकडी लागते ती धारावीची. पुढे हीच खाडी उल्हास नदीच्या रूपाने घोडबंदरावरून ठाण्याकडे आणि कल्याणकडे जाते, म्हणजे कोकणच्या या भागातील व्यापाराचा, जकातीचा आणि सैन्याच्या हालचालींचा हमरस्ताच या मुखातून सुरू होतो. समोरच्या तीरावर वसईचे बुरुज, अलीकडे धारावीची तोफ आणि मध्ये भरती-ओहोटीने बदलणारे पाणी व वाळूचे पट्टे. ज्याच्या हाती ही टेकडी, त्याला खाडीचे दार अर्धे तरी लावून घेता येत होते. दक्षिणेला वेसावे, उत्तरेला अर्नाळा, आत घोडबंदर आणि ठाणे अशी जी ठाण्यांची मालिका पोर्तुगीजांच्या संरक्षणव्यवस्थेत होती, तिच्यातील धारावी हा दुवा आकाराने लहान असला तरी वसईच्या उंबरठ्यावरचा होता. दुर्गाची थोरवी त्याच्या तटाच्या लांबीवर किंवा दरवाजांच्या संख्येवर मोजण्याची आपल्याला जी सवय लागली आहे ती येथे मुळीच उपयोगी पडत नाही, आणि कोकणातील आणखी कित्येक लहान किल्ल्यांच्या बाबतीतही ती अशीच फसवी ठरते.

टेकडीच्या दगडाविषयीही एक समज रूढ आहे. महाराष्ट्रातला कोणताही कातळ काळा बेसाल्टच असणार असे आपण गृहीत धरतो. परंतु डोंगरीचा कातळ ऱ्हायोलाइट जातीचा, म्हणजे सिलिकेचे प्रमाण अधिक असलेल्या घट्ट लाव्ह्यापासून झालेला आहे. भूशास्त्रज्ञांनी त्याचे वय सुमारे ६ कोटी २५ लाख ते ६ कोटी ३० लाख वर्षे असे ठरवले आहे. सह्याद्रीचे मुख्य लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे दख्खनचा प्रचंड ज्वालामुखी-उद्रेक बहुतांशी शांत झाल्यावरही येथे, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, तो सुमारे तीस लाख वर्षे धुमसतच होता. हे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत, आणि या ऱ्हायोलाइटखाली पाण्यात साचलेल्या गाळाचा थरही आढळला आहे. या परिसरात काही ठिकाणी कातळ थंड होताना त्याला उभ्या भेगा पडून खांबांसारखे आकार तयार झाले आहेत. ते पाहून कोणी जुन्या मंदिराचे किंवा महालाचे स्तंभ म्हणून बोट दाखवले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये, निसर्गाची ती करणी आहे. माणसाने या प्रदेशातला दगड वापरला नाही असे मात्र नाही. वसईच्या परिसरातील घडीव दगडाची कीर्ती इतकी होती, की जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेच्या दर्शनी भागाचे घडीव काम वसईकडून नेलेल्या दगडात केलेले आहे.

धारावीचा किल्ला मराठ्यांनी एकदाच, एका धडाक्यात घेतला, असे सांगितले जाते. वास्तव इतके सुटसुटीत नाही. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे जिंकून साष्टीत पाय रोवला, तेव्हाच्या धामधुमीत धारावीही त्यांच्या हाती आली. परंतु वसई मात्र पडली नाही, आणि पोर्तुगीजांनी पुन्हा उचल खाऊन धारावी परत मिळवली. १७३८ च्या अखेरीस ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात त्यांचा सेनापती पेद्रु द मेलु मारला गेला. पुढच्या जानेवारीत चिमाजी अप्पा स्वतः मोठ्या तयारीनिशी उत्तर कोकणात उतरले. माहीम-केळवे आणि तारापूर पडले (तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आला), फेब्रुवारीत अशेरी हाती आला, शंकराजी केशव फडक्यांनी वसईभोवती मोर्चे लावले, आणि मार्चच्या आरंभी वेसावे व धारावी ही दोन्ही ठाणी मराठ्यांनी जिंकली. या वेळी ती परत गेली नाहीत. हा क्रम नुसता तारखांचा नाही. वसईची मान आवळायची तर आधी तिच्या आजूबाजूच्या शिरा दाबल्या पाहिजेत, हे चिमाजींनी पहिल्या दोन वर्षांच्या अपेशातून नीट ओळखले होते, आणि धारावी पडल्यानंतर वसईची स्थिती दक्षिणेकडूनही बिकट झाली. ज्यांना मराठ्यांचे युद्धशास्त्र म्हणजे केवळ गनिमी कावा आणि घोडदौड असे वाटते, त्यांनी ही मोहीम बारकाईने अभ्यासावी. मोर्चे, सुरुंग, आरमार आणि रसदबंदी यांचा इतका संथ व निश्चयी उपयोग मराठ्यांच्या इतिहासात थोड्याच ठिकाणी दिसतो.

याच संदर्भात एक कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि मला वाटते ती सांगितली जाण्याचे कधी थांबणारही नाही: वसईचा किल्ला पडत नाही हे पाहून चिमाजी अप्पा आपल्या सरदारांना म्हणाले, की किल्ल्यात जाणे साधत नसेल तर निदान माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन आत फेका. कथा वीररसाची आहे आणि वक्त्यांना ती फार उपयोगी पडते, म्हणून तिचा मोह आवरत नाही. पण वसई त्या उद्गाराने पडली नाही. ती पडली तटाखाली पोखरलेल्या सुरुंगांनी, सान सेबास्त्यांव बुरुजाच्या बाजूस पडलेल्या खिंडारांनी, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे यांच्या एकत्रित बळाने आणि आतल्या लोकांना बाहेरून पुरेशी कुमक न पोहोचल्याने. आतल्यांनी शौर्याने किल्ला लढवला, हेही सांगितलेच पाहिजे. त्यांचा प्रमुख मार्तिन्यु द सिल्वेरा वेढ्यात मारला गेला आणि शरणागतीच्या वाटाघाटी काएतानु द सौझा परेरा याला कराव्या लागल्या. मराठ्यांची प्राणहानी पोर्तुगीजांपेक्षा कित्येक पटींनी अधिक झाली. मुंबईच्या इंग्रजांकडे पोर्तुगीजांनी मदत मागितली तेव्हा त्यांनी काय केले? चर्चमधील चांदीची भांडी आणि काही तोफा तारण ठेवून १५,००० रुपये कर्जाऊ दिले. वसई पडल्यावर पुढच्या जुलैत त्यांचा कॅप्टन जेम्स इंचबर्ड मराठ्यांशी व्यापाराचा तह करून आला. शेजारधर्माचा हा हिशेब इंग्रजांनी पुढेही अनेकदा अशाच पद्धतीने मांडला.

वसईच्या तहाची तारीख कोणी ५ मे सांगतो, कोणी १६ मे. किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आल्याचा दिवस कोणी १२ मे म्हणतो, कोणी २३ मे. आणि मग दोन पक्ष पडून प्रत्येकजण दुसऱ्याला अज्ञ ठरवतो. वास्तविक दोघेही बरोबर आहेत. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चालू ठेवले होते आणि त्या काळी ते पोर्तुगीजांच्या ग्रेगोरियन पंचांगापेक्षा ११ दिवस मागे होते. इंग्रजी कागदांतील ५ मे म्हणजे पोर्तुगीज कागदांतील १६ मे, आणि १२ मे म्हणजे २३ मे. धारावीच्या किंवा वेसाव्याच्या तारखेवरून कोठे वाद दिसला, तर तो मिटवण्यापूर्वी लेखकाने कोणत्या पंचांगातून तारीख उचलली हे आधी पाहावे. निम्मे वाद तेथेच संपतात.

मराठ्यांनी प्रदेश जिंकल्यावर येथील ख्रिस्ती समाजाला हाकलून दिले, अशीही एक समजूत आहे. आणि तिच्या नेमकी उलट, येथील ख्रिस्ती लोक म्हणजे पोर्तुगीजांचेच वंशज, अशी दुसरी. दोन्ही चुकीच्या. वसईच्या तहात पोर्तुगीज सैन्याला हत्यारे, निशाण आणि वाद्ये घेऊन सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक द्यावी असे कलम होते. डोंगरी, उत्तन, गोराई, मनोरी येथील ख्रिस्ती कुटुंबे बहुतांशी याच मातीतील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादी समाजांतील असून सोळाव्या-सतराव्या शतकांत त्यांनी धर्मांतर केले. त्यांच्या घरातील बोली मराठीच्याच कुळातली आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी घेतले ते तर १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, आणि तेही इंग्रजी अमदानीत नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्यांपासून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी. डोंगरीच्या चर्चमध्ये मराठी प्रार्थना ऐकून ज्याला आश्चर्य वाटते, त्याला या किनाऱ्याचा इतिहास अद्याप वाचायचा आहे.

मराठ्यांनी हा मुलूख १८१८ पर्यंत राखला असेही पुष्कळांना वाटते, कारण पेशवाईच्या अखेरीचे साल आपल्या मनात पक्के बसलेले असते. साष्टीच्या बाबतीत ते लागू पडत नाही. १७७४ च्या डिसेंबरात, राघोबादादांच्या राजकारणाचा आणि पोर्तुगीज पुन्हा येतील या भीतीचा फायदा घेऊन, इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि साष्टी व्यापली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची त्यांची झाली. वसई मात्र जनरल गॉडर्डने १७८० मध्ये घेतली असली तरी त्याच तहाने मराठ्यांना परत मिळाली. म्हणजे खाडीच्या उत्तर तीरावर मराठी अंमल आणि दक्षिण तीरावर, धारावीसह, कंपनी सरकारचा, अशी विचित्र विभागणी काही काळ होती. धारावीवर मराठ्यांचा निर्वेध अंमल राहिला तो १७३९ ते १७७४, म्हणजे पस्तीस वर्षे; पोर्तुगीजांचा त्यापूर्वी दोन शतकांहून अधिक. दोन्ही तीर एकाच सत्तेकडे आल्यावर खाडीवर पहारा देण्याचे कारणच उरले नाही, आणि किल्ल्याचे दगड सुटत गेले.

आज टेकडीवर जे दिसते त्यात जुने किती आणि नवे किती, हे पाहुण्याने तपासून पाहावे. चिमाजी अप्पांचा पुतळा आणि त्याच्या भोवतीची सजावट ही आपल्या काळातली आहे; जुने म्हणावे असे काम थोडे आहे आणि तेही खाडीकडच्या अंगाला. पुतळ्याला हार घालणारे हात पुष्कळ असतात, तटाच्या ढासळलेल्या दगडांची मोजदाद करणारे विरळा. स्मारक उभारणे वाईट नाही, परंतु स्मारक म्हणजे अवशेष नव्हे, आणि दोहोंतील फरक न सांगता दोन्ही शेजारी शेजारी ठेवणे म्हणजे पुढच्या पिढीसाठी आणखी एका गैरसमजाची पेरणी करणे होय. मीरा-भाईंदर महानगरपालिकेने किल्ल्याच्या वाटेवर मराठीत एक साधा फलक लावावा: १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ साली मराठ्यांनी धारावी जिंकली, १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली; येथे राजा राहत नव्हता; ही धारावी मुंबईची नव्हे; आणि शेजारी उभे असलेले खांब निसर्गाने घडवलेले आहेत. एवढे लिहिले तर पुरे.